पाळणा दिला, बाबागाडी अडकवली: तान्ह्यासह मुंबई ते शिकागो

विमानकंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की तिचे भक्त आणि वैरी एकमेकांना भिडतात, आणि ज्यांना लेकरं घेऊन जायचंय त्यांच्या पदरात काहीच पडत नाही. कंपनी आखातातली, मधे तिच्या विमानतळावर विमान बदलायचं, एवढं पुरे. लेक दोन्ही मुलांना घेऊन साताऱ्याला आली होती, धाकट्याचं जावळ करायचं होतं. जावईबापूंची रजा संपली म्हणून ते आधी परतले आणि जाताना लेकीच्या सोबतीला मी गेले. नात सव्वातीन वर्षांची, नातू नऊ महिन्यांचा. माझी नोकरी एस.टी.च्या आरक्षण खिडकीवर झाली, त्यामुळे जागा, सामान, हाफ तिकीट आणि रडकी मुलं या विषयांवर माझी मतं आधीपासूनच ठाम आहेत.

तिकिटापासून सुरुवात करते. एस.टी.त पाच वर्षांखालचं मूल फुकट, बारापर्यंत अर्धं. विमानात परदेशी जाताना दोन वर्षांखालच्या मुलाला साधारण मोठ्यांच्या भाड्याच्या 10 टक्के लागतात, कर वेगळे. एवढे देऊन जागा मिळत नाही, मांडी मिळते, तीही आपलीच. दोन वर्षं पूर्ण झाली की स्वतंत्र जागा घ्यावीच लागते आणि भाडं मोठ्यांच्या जवळपास जातं. नातीचं तिकीट बघून मी लेकीला म्हटलं, एवढ्यात साताऱ्याहून स्वारगेटला जन्मभर जाता येईल. ती म्हणाली, ‘आई, कॅल्क्युलेटर ठेव.’

आता पाळणा, म्हणजे बॅसिनेट. केबिनच्या आडव्या भिंतीला तो अडकवतात, म्हणून तो हवा तर भिंतीसमोरची ओळ मिळायला हवी, आणि अशा जागा विमानात मोजक्या असतात. फोन करून मागणी नोंदवता येते, पण कंपन्या ती विनंती म्हणून लिहून घेतात. हमी कोणी देत नाही. बाळाचं वजन बहुतेक ठिकाणी 10-11 किलोच्या आत लागतं, काही कंपन्या 14 पर्यंत चालवून घेतात. लांबीचीही अट असते आणि खरी गोची तिथेच आहे, ते पुढे सांगते.

लेकीने तिकीट काढलं त्याच दिवशी पाळणा नोंदवला होता, निघायच्या आदल्या आठवड्यात फोन करून पुन्हा खात्री केली होती. तरी मुंबईत टी-2 च्या काउंटरवर मध्यरात्री कळलं, की लांबच्या टप्प्यात लेक आणि बाळ पाळण्यापुढे, मी आणि नात कुठे तरी मागे. काउंटरवरच्या मुलाने स्क्रीनकडे बघत जो चेहरा केला तो मी लगेच ओळखला. खिडकीत बसून तोच चेहरा मी लोकांना दाखवत आले आहे. त्याचा अर्थ ‘जमणार नाही’ असा नसतो, ‘तुम्ही इथून हलणार का’ असा असतो. मी हलले नाही. विचारलं, ‘हिला बाथरूमला जायचं झालं तर बाळ कोणाकडे द्यायचं रे, तुझ्याकडे?’ त्याने फोन लावला, एक साहेब आले, खाली मान घालून बराच वेळ टायपिंग झालं आणि आम्हा तिघींना ओळीने जागा मिळाल्या. म्हणजे जागा होत्या. काउंटर उघडण्याआधी रांगेत उभं राहणं एवढ्यासाठी महत्त्वाचं. आम्ही शेवटच्या तासात आलो असतो तर साहेबांनाही टाइप करायला काही उरलं नसतं.

तपासणीत त्रास झाला नाही. बाळाला गाडीतून उचलावं लागतं, गाडी घडी करून यंत्रातून जाते, आणि 100 मिलीचा नियम बाळाच्या दुधा-पाण्याला प्रवासापुरता लागू नाही. फक्त ते आधीच बाहेर काढून दाखवावं, पिशवीच्या तळाशी सापडलं की प्रश्न वाढतात. सीआयएसएफच्या बाईंनी बाटल्या बघितल्या, नातवाच्या टकलावरून हात फिरवला आणि ‘जाऊ द्या आजींना’ म्हणाल्या. बाळाला पाजायला, कपडे बदलायला खोलीही होती. आपल्या स्टँडवरच्या हिरकणी कक्षापेक्षा स्वच्छ, हे कबूल करायला हवं. पण हिरकणी कक्ष हे नाव जास्त चांगलं आहे.

आता बाबागाडी. माझी मुख्य तक्रार हीच. गाडी विमानाच्या दारापर्यंत नेऊ देतात, तिथे चिठ्ठी बांधून ताब्यात घेतात. मुंबईत दारातल्या माणसाने ‘उतरल्यावर मिळेल’ असं सांगितलं. मी चिठ्ठी वाचली नाही, लेकीने वाचली. तिच्यावर शिकागोची अक्षरं होती, मधल्या विमानतळाची नव्हती. तिने विचारलं तर तोच माणूस म्हणाला, ‘हो, म्हणजे शिकागोला उतरल्यावर.’ त्यामुळे पहाटे तीन तासांचं उड्डाण संपवून, एक झोपलेलं बाळ, एक झोपेतून उठवलेली आणि म्हणून चिडलेली मुलगी, खांद्यावर दोन पिशव्या, असं आम्ही त्या लांबच लांब गालिच्यावरून चालत होतो आणि गाडी कुठे तरी आमच्या पायाखाली सामानाच्या पट्ट्यावरून एकटीच आरामात चालली होती. विमानतळाच्या फुकट बाबागाड्या असतात, तिथेही होत्या, पण विमानातून बाहेर आल्या आल्या नाही. चौकशीच्या टेबलापर्यंत चालावं लागलं, म्हणजे जिथे गाडीची खरी गरज असते तेवढा रस्ता संपल्यावर. कंपनीच्या संकेतस्थळावर ‘बाबागाडी विनामूल्य’ असं ठळक लिहिलंय. विनामूल्य आहे खरी, पण वाटेत ती आपल्याकडे नसते, हेही ठळक लिहायला काय हरकत होती?

ज्यांची अजून खरेदी व्हायची आहे त्यांनी केबिनमध्ये डोक्यावरच्या कप्प्यात मावेल अशी घडीची छोटी गाडी घ्यावी. बेबीझेन योयो (आता स्टोके योयो) त्यातली नावाजलेली, घडी साधारण 52 बाय 44 बाय 18 सेंटिमीटरची. महाग आहे. आपल्याकडे आर फॉर रॅबिटसारख्या भारतीय कंपन्याही खिशाला परवडणाऱ्या लहान घडीच्या गाड्या करतात. घेण्याआधी आपल्या विमानकंपनीच्या हातातल्या सामानाच्या मापाशी ताडून बघा. 55 बाय 40 बाय 20 किंवा त्याच्या आसपासचं माप असतं आणि दोन-चार सेंटिमीटरवरून अडवणारे अडवतात.

मधल्या विमानतळावर आमचे साडेचार तास होते आणि ते मी मागून घेतले होते. जावईबापूंनी दाखवलेलं स्वस्त तिकीट दीड तासाच्या अंतराचं होतं. त्यांचं म्हणणं, मुलांना घेऊन तिथे बसून करायचं काय? माझं म्हणणं, बसायचं नाहीच, पळायचं. दीड तासात दोन मुलांना घेऊन उतरणं, एकाचा डायपर बदलणं, दुसरीला शू करवणं, परत तपासणी आणि फाटक गाठणं, हे जमतं, पण मग पुढचे चौदा-पंधरा तास ती मुलगी विमानात पळते. साडेचार तासांत ती मुलांच्या खेळघरात घसरगुंडीवर इतकी चढली-उतरली, की पुढच्या विमानात पट्टा लावल्या लावल्या मान टाकली. मागे एकदा दोहामार्गे गेलो होतो तेव्हा तिथलं दिव्याखाली बसलेलं दोन मजली पिवळं अस्वल बघूनच पोरं गार झाली होती. ते ब्रॉंझचं आहे, दिसतं मात्र कापडाचं. इथे तसं काही नव्हतं, पण घसरगुंडी पुरली. पाळण्यासाठी भांडता तेवढंच या मधल्या वेळासाठी घरात भांडा. माझ्या मते दुसरं भांडण जास्त फायद्याचं.

अमेरिकेच्या विमानाला फाटकापाशी पुन्हा तपासणी होते, तिचा वेळ धरा. आणि एक गोष्ट आपल्याकडच्या आज्यांना कोणी सांगत नाही: परदेशातून थेट अमेरिकेला जाणाऱ्या विमानात 350 मिलीच्या वर कुठलीही भुकटी हातातल्या पिशवीत असेल तर ती जास्तीच्या तपासणीत अडकू शकते, प्रसंगी टाकूनही द्यावी लागते. 2018 पासून हा नियम आहे. बाळाच्या डब्याच्या दुधाला सूट आहे, पण आपण घरी केलेलं खिमट काय आहे हे तिथल्या माणसाला काय कळणार? मी तांदूळ आणि मूगडाळ भाजून, जिरं घालून केलेली भरड छोट्या छोट्या पुड्यांत बांधली होती, एका वेळेची एक पुडी. नाचणीचं सत्त्वही तसंच. मोठे डबे चेक-इनच्या बॅगेत. फाटकावरच्या माणसाने एक पुडी उघडून वास घेतला. भाजलेल्या मुगाचा वास कोणालाही आवडतोच. जाऊ दिलं.

चढताना ‘लहान मुलांसह असलेले आधी या’ असं बोलावतात. सोय म्हणून करतात, पण सगळ्यांनी मिळून आत जाऊ नये. पिशव्या घेऊन मी एकटी पुढे गेले, वरचा कप्पा धरला, लागणाऱ्या वस्तू खाली काढल्या, हात टेकायच्या जागा ओल्या रुमालाने पुसल्या. लेक मुलांना घेऊन अगदी शेवटी आली. बंद विमानात उभं राहून जाणारा तेवढा वेळ वाचला. भिंतीसमोरच्या ओळीत एक अडचण आहे: पुढे सीट नाही, म्हणून उडताना आणि उतरताना पायाशी काहीही ठेवू देत नाहीत, सगळं वर. जेवायचा ट्रे आणि टीव्ही हाताच्या दांड्यातून निघतात, त्यामुळे दांडा वर होत नाही आणि मुलीला आडवं करता येत नाही. जावईबापूंनी पाय लांबवायची फुगवायची उशी घेऊन दिली होती. या ओळीत चालणार नाही, असं विमानातल्या सेवकांनी सांगितलं. ती तशीच परत पिशवीत गेली.

उडाल्यावर पट्ट्याचा दिवा विझला आणि पाळणा आला. भिंतीत दोन खाचा असतात, त्यांत खिट्ट्या बसवून फिरवतात, ‘खट्’ असा आवाज झाला की झालं. आत पातळ गादी, वरून बाळाला अडकवायला चिकटपट्टीचं कापड. आमचं बाळ नऊ किलोला थोडं कमी, म्हणजे वजनात पास. पण नऊ महिन्यांचं मूल सत्तर सेंटिमीटरच्या पुढे गेलेलं असतं आणि बहुतेक पाळणे सत्तर-पंचाहत्तरचे. डोकं एका टोकाला टेकलं, पाय दुसऱ्या. चार महिन्यांच्या बाळाला हा पाळणा सुखाचा आहे, आठव्या महिन्यानंतर तो सामान ठेवायच्या कामाचा. शिवाय हवेत जरा हलायला लागलं, दिवा लागला, की बाळाला पाळण्यातून काढून मांडीवर घ्यावं लागतं आणि आईच्या पट्ट्याला ओवलेल्या छोट्या पट्ट्याने बांधावं लागतं. नियम बरोबर आहे, विमान अचानक खाली आलं तर पाळण्यातलं बाळ उडेल. पण दिव्याचं आणि आमच्या बाळाच्या झोपेचं काही तरी संगनमत होतं. लेक थोपटून थोपटून झोपवायची, दिवा लागायचा, बाई यायच्या, ‘सॉरी मॅम’. शेवटी त्याला माझ्या जुन्या लुगड्याच्या दुपट्यात गुंडाळून मांडीवरच घेतलं आणि विमान उतरायला लागेपर्यंत तो झोपला. भिंतीला झोळी बांधायला दोन कड्या असत्या तर मी कंपनीला पूर्ण गुण दिले असते.

तर पाळण्याला पाचपैकी दोन. पाळण्यापुढच्या जमिनीला पाचपैकी पाच. त्या दोन-अडीच हात रिकाम्या जागेत लेक उभी राहून बाळाला हलवू शकली, दिवा विझलेला असताना नात खाली बसून चिकटचित्रं खेळली (बसलेलं चालतं, खाली झोपू देत नाहीत), आणि शेजारच्याच्या अंगावरून न जाता बाथरूमला जाता आलं. पाळणा मागायचा तो या जमिनीसाठी.

कानाचं. विमान आकाशात असतं तेव्हा आत हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावा तेवढा ठेवतात. आपलं कळसूबाई साडेपाच हजार फुटांच्या आतच आहे, त्यावरून अंदाज करा. त्रास चढताना कमी आणि उतरताना जास्त होतो, कारण खाली येताना बाहेरचा दाब वाढतो आणि कानाची आतली नळी गिळल्याशिवाय नीट उघडत नाही. मोठी माणसं आवंढा गिळतात, बाळाला पाजावं लागतं. उतरणं सुरू होतं साधारण अर्धा तास आधी, चाकं टेकताना नाही, त्यामुळे घोषणा झाली की लगेच. लेकीने झोपलेल्या बाळाला उठवून घेतलं. झोपलेल्याला उठवू नये असं आमच्या पिढीचं म्हणणं, पण मागच्या ओळीतलं मूल ज्या सुरात ओरडत होतं ते ऐकून मी वाद घातला नाही. नातीला चोखायला लिमलेटची गोळी नाही (घशात अडकते), स्ट्रॉची बाटली दिली. झोप यावी म्हणून सर्दीचं औषध देऊन मुलांना नेण्याचा सल्ला आम्हाला तिघींनी दिला होता. साताऱ्याच्या डॉक्टरांनी स्वच्छ नाही सांगितलं. त्या औषधाने काही मुलं झोपण्याऐवजी उलटी भिरभिरतात आणि तेव्हा तुम्ही चाळीस हजार फुटांवर असता.

जेवणाचं थोडक्यात. मुलांचं जेवण आधी नोंदवलं तर सगळ्यांच्या आधी येतं, ही खरंच सोय आहे. मूल जेवून होतं तोवर मोठ्यांचे ट्रे यायचे असतात. पण मुलांचं जेवण म्हणजे कोंबडीचे तळलेले तुकडे, बटाट्याच्या काड्या आणि चॉकलेट. शाकाहारी हवं तर वेगळं सांगावं लागतं. नातीने बटाटे खाल्ले, चॉकलेट खाल्लं आणि माझ्या डब्यातल्या दशम्या मागितल्या. बाळासाठी फळांच्या गराच्या बाटल्या मिळाल्या, चव बरी. खिमटासाठी मी बाटलीबंद पाणी गरम करून मागत होते, चहाच्या नळाचं नको म्हणून सांगत होते. सेविकांपैकी एक मडगावची निघाली. तिने दुसऱ्या खेपेला न विचारताच थर्मास भरून आणून दिला, म्हणाली, ‘आजी, दर वेळी उठू नका, मी बघते.’ कपात मी भरड घातली, पाणी ओतलं, झाकण ठेवलं, आणि जिऱ्याचा वास दोन-तीन ओळी गेला. मागून कोणी तरी मराठीत विचारलं, ‘खिमट का हो?’

सेवकवर्गाला पाचपैकी पाच. हे लोक थकलेले असतात आणि तरी आपल्या पोराला नावाने हाक मारतात.

बाथरूमला गुण देता येत नाहीत. बदलायची फळी सगळ्या बाथरूममध्ये नसते, दारावर बाळाचं चित्र असलेलं बघायचं. फळी कमोडच्या वर उघडते आणि उघडल्यावर आत मोठ्या माणसाला उभं राहायला जेमतेम जागा उरते. पूर्ण पिशवी घेऊन जाऊ नका. एक डायपर, चार ओले रुमाल आणि एक रिकामी प्लॅस्टिकची पिशवी एकत्र बांधून तयार पुडकी ठेवा, तेवढंच घेऊन आत जा. बाळाचे पाय एका हातात, पुडकं दातांत, आणि त्याच क्षणी दिवा लागतो. मुलांचे जास्तीचे कपडे सगळे घेतात, आईचा एक कुर्ता कोणी घेत नाही. घ्या. आतली हवा इतकी कोरडी असते, की नाकं वाळतात; मिठाच्या पाण्याचे थेंब आम्ही दोघांच्याही नाकात घालत होतो.

शिकागोला इमिग्रेशन नीट झालं, कुटुंबाला एकाच खिडकीवर घेतात. मुलांचे पासपोर्ट अमेरिकेचे, माझा भारताचा, तरी वेगळं केलं नाही. मग बाबागाडी. ती नेहमीच्या पट्ट्यावर येत नाही, मोठ्या आकाराच्या सामानाचं वेगळं दार असतं, तिथे. आली तेव्हा पुढचं डावं चाक आतल्या बाजूला वळलेलं आणि दांडीचं आवरण फाटलेलं. लेकीला घरी जायची घाई, मी तिला तिथल्या काउंटरवर नेलं. विमानतळ सोडण्याआधी नोंद करून कागद घेतलेला केव्हाही बरा. नंतर लक्षात आलं तरी मॉन्ट्रियल करारानुसार सामान खराब झाल्याची लेखी तक्रार हातात मिळाल्यापासून 7 दिवसांत करावी लागते, उशीर झाल्याची 21 दिवसांत. भारत आणि अमेरिका दोघंही त्या करारात आहेत. फोटो, चिठ्ठीचा तुकडा, बोर्डिंग पास, सगळं जपून ठेवा.

कंपनीचं उत्तर आलं: दुरुस्तीचा खर्च देऊ, पावती पाठवा. शिकागोत बाबागाडीचं चाक दुरुस्त करून पावती देणारा माणूस जावईबापू अजून शोधताहेत. साताऱ्यात पोवई नाक्यावर सायकलवाल्याने दहा मिनिटांत ते सरळ केलं असतं, पण पावती त्यानेही दिली नसती.

पुढची खेप बाळाच्या दुसऱ्या वाढदिवसाच्या सुमाराची ठरतेय. येताना तो दोन वर्षांच्या आतला असेल, परत जाताना बाहेरचा. अशा वेळी परतीला त्याची स्वतंत्र जागा घ्यावी लागते, मांडी चालत नाही. वाढदिवस शिकागोला करा, मग या, की आधी येऊन वाढदिवसाच्या आत परता, यावर घरात रोज फोन चालू आहेत. मी तारखा काढून दिल्या आहेत. मधला वेळ कमीत कमी चार तास, ही अट त्यात आधीच लिहून ठेवली आहे.